वेळणेश्वरला काय बघायचं, असं विचारणाऱ्यांसाठी

साताऱ्यात शाहूपुरीत आमची पिठाची गिरणी आहे. सुट्टीहून परतल्यापासून दळणाचा डबा काट्यावर ठेवता ठेवता प्रत्येक बाई विचारते, "काय काय बघितलंत मग?" मी म्हणते, "फारसं काही नाही." तिला वाटतं, मी सांगायचं टाळतेय. पट्टा फिरत असताना ओरडून किती सांगणार? म्हणून लिहूनच काढते. गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर, तिथलं एक घरगुती मुक्कामाचं घर आणि तिथला समुद्र, तिन्हींबद्दल.

आपण सातारकर पॉइंटांवर वाढलेली माणसं. पाहुणे आले की काढा गाडी, चला महाबळेश्वर. आर्थर सीट, विल्सन, लॉडविक. उतरा, फोटो काढा, बसा. यात घरातलं कुणी ना कुणी सतत कुणाची तरी वाट बघत असतं. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या गाडीतच. त्यांना सोबत म्हणून मी. हे पार्किंगच्या शोधात. पोरं घोड्यासाठी अडून बसलेली. संध्याकाळपर्यंत सगळे थकलेले आणि एकमेकांवर वैतागलेले. वेळणेश्वरला मला आवडलं ते हेच, की तिथे कुणाला कुणासाठी खोळंबावं लागलं नाही. सत्तरीला टेकलेल्या सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ, दहावीतला मुलगा, सातवीतली मुलगी आणि जावेचं तीन वर्षांचं पिल्लू, सगळे दिवसभर हाकेच्या अंतरावर आणि तरी ज्याचं त्याचं वेगळं चाललेलं. इतक्या वयांची माणसं न भांडता एका जागी राहतील अशी जागा मला तरी दुसरी माहीत नाही. लग्नाच्या कार्यालयातसुद्धा हे जमत नाही.

आमची सुट्टी दिवाळी उरकल्यावरच. उन्हाळ्यात मसाला आणि कुरडया-पापडांची दळणं, दिवाळीआधी भाजणी. त्या दिवसांत शटर खाली दिसलं तर बायका घरी येऊन भांडतील. भाऊबीजेच्या नणंदा परत गेल्या आणि पांडवपंचमीला पहाटे आम्ही निघालो. मला विचाराल तर कोकणाला मे महिन्यापेक्षा कार्तिकच बरा. आंबा नसतो हे खरं, पण घामाने जीवही जात नाही. पाऊस नुकता सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, भात कापून झालेलं असतं आणि पहाटे अंगावर चादर ओढावी लागते.

रस्ता घाट सोडला तर सोपा. उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली उतरून पोफळी, चिपळूण आणि शृंगारतळी. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरचा पल्ला आहे, पोरंबाळं असतील तर सहा तास धरा. कऱ्हाडहून येणारे भाऊजी मल्हारपेठेत येऊन मिळाले. सासूबाईंचं माहेर पाटण खोऱ्यातलं, त्यामुळे कोयनानगर जवळ आलं की 11 डिसेंबर 1967 ची पहाट गाडीतल्या सगळ्यांना ऐकावीच लागते. भूकंपात त्यांच्या घराची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून आतली माणसं वाचली, मग कित्येक रात्री सगळे खळ्यात झोपले. ही गोष्ट माझ्या मुलीला पाठ आहे. तरी तिने या वेळी विचारलं, "आजी, म्हशीचं काय झालं मग?" म्हैस आधीच दावं तोडून पळाली होती, हे आम्हाला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं. घाटात पोरांना मागच्या सीटवर बसवू नका आणि निघताना पोटभर खायला घालू नका, एवढंच सांगते. पेट्रोल आणि एटीएमचं काम शृंगारतळीतच उरकून घ्या.

घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. पुढे पडवी, आत ओटी, ओटीवर लाकडी झोपाळा. मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी नंतर बांधलेल्या खोल्या. साधी फरशी, पांढऱ्या भिंती, उन्हाचा वास येणाऱ्या चादरी. गाद्या कापसाच्या आणि जरा कडक; ज्यांना फोमवर झोपायची सवय आहे त्यांची पाठ पहिल्या रात्री कुरकुरेल. एसी एकाच खोलीत होता, तो आम्ही लावला नाही. आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापतं, करवंट्या आणि झावळ्यांवर. त्यामुळे सगळ्यांनी सकाळी आठला एकदम टॉवेल घेऊन रांग लावायची नाही, नंबराने जायचं.

आता एक गोष्ट, जी कुणी लिहीत नाही. कमोड. सगळ्या खोल्यांत नाही. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, भाडं नंतर. दुसरं असं, की समुद्राकडे जायची जवळची वाट म्हणजे नारळी-पोफळीच्या वाडीतून उतरणारी पाखाडी. दिसायला सुंदर आहे, पण चिऱ्यांच्या पायऱ्या एक वीतभर तर एक हातभर. पहिल्या दिवशी सासूबाईंना नातवाने दंडाला धरून उतरवलं. ते बघून घरमालक काकांनी गाडीचा लांबचा रस्ता दाखवला आणि एक प्लास्टिकची खुर्ची डिकीत टाकून दिली. त्या खुर्चीने आमची सुट्टी तारली. ओल्या वाळूत खुर्ची, पायांवरून येणारं-जाणारं पाणी, आणि सासूबाई तिथून सगळ्यांना सूचना देतायत: "ए, लांब नको जाऊस", "तिला टोपी घाल", "तो कुत्रा कुणाचाय?" महाबळेश्वरला गाडीत काचा वर करून बसणारी बाई ती हीच.

वेळणेश्वरचा किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला आहे आणि माडांची रांग अगदी वाळूपर्यंत येते. एका टोकाला शंकराचं देऊळ. बाकी काय? बाकी वाळू. सकाळी ओहोटी असायची, तेव्हा ती दूरवर उघडी पडायची. बारके खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू चिवडतात आणि मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षीसारख्या मांडत जातात. जावेच्या पिल्लाने एक पाऊल टाकलं की आजूबाजूचे सगळे खेकडे गायब. मग ते उकिडवं बसून वाट बघायचं. तीन वर्षांचं पोर इतका वेळ गप्प बसलेलं त्याच्या आईनेही कधी बघितलं नव्हतं. जाऊ मला म्हणाली, "ताई, घरी हा मोबाइलशिवाय घास घेत नाही." इथे मोबाइल मागायची आठवणच त्याला राहिली नाही. रेंज येत नव्हती हेही एक कारण असेल.

जेवणाचं सांगते, कारण साताऱ्याकडच्या माणसांचं घोडं इथेच अडतं. घरात शाकाहारीच. कुळथाचं पिठलं, डाळिंब्यांची उसळ, आमसुलाची आमटी, सोलकढी, सकाळी मऊ भात-मेतकूट. चव गोडसर. पहिल्या जेवणात भाऊजींनी आमटीची वाटी तोंडाला लावली आणि हळूच माझ्याकडे बघितलं, "वहिनी, चटणीचा डबा आणलाय ना?" आणला होता. आमची कांदा-लसूण चटणी प्रवासाला नेहमी सोबत असते. काकूंच्या कानावर हे गेलंच. त्या हसल्या, काही बोलल्या नाहीत. रात्री ताटात तळलेल्या सांडगी मिरच्या आल्या. आणि आमचा चटणीचा डबा काकांच्या पानाशी गेला तो परत आला नाही. माशांसाठी हे आणि भाऊजी दुपारी दुसऱ्या घरगुती खानावळीत जाऊन आले, बांगडा ताजा होता म्हणाले. मी गेले नाही. मला आयतं ताट मिळत होतं, ते सोडून बाहेर कशाला जाऊ?

पण घावण्यांबद्दल मला लिहिलंच पाहिजे. गिरणीवालीला पीठ दिसलं की हात आवरत नाही. मी परातीतलं पीठ चिमटीत घेऊन चोळून बघितलं. मऊ, पण अगदी भुकटी नाही, बोटांना किंचित कण लागत होता. मोदकाच्या पिठाहून हे वेगळं. काकूंनी सांगितलं, तांदूळ जुना, धुऊन सावलीत वाळवलेला. नव्या तांदळात ओल असते, त्याचा घावन तव्याला धरतो. मलाही हे ठाऊक आहे, नवा तांदूळ आमच्या दगडालाही चिकटतो आणि पीठ गरम होऊन बाहेर पडतं. मग दोघींची गाडी सुटली. त्यांच्या गावातल्या गिरणीत ज्वारीवर तांदूळ दळून देतात, याची त्यांना फार तक्रार. मी सांगितलं, आधी मूठभर स्वतःचे तांदूळ वाया घालवा, दगड धुऊन निघतो, मग आपलं दळण टाका. हे सगळं चाललेलं असताना बिडाचा तवा तापत होता. नारळाच्या शेंडीने तेल फिरवलं, पातळ पीठ कडेकडून आत ओतलं, चर्र झालं आणि जाळी पडली. झाकण ठेवलं. उलटायचा नाही. केळीच्या पानावर घडी, बाजूला ओल्या खोबऱ्याची चटणी, आणि पोरांना नारळाचं दूध गूळ घालून. माझ्या मुलीने किती खाल्ले ते मी मोजले नाहीत, काकूंनी तर मुळीच नाही.

काका कमी बोलतात. पण पोरं समुद्रावर निघाली की भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून वेळ सांगायचे. मुलाला आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी हिशेब समजावला. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तो भरतीचा तास. पंचमी म्हणजे पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच. रोज पाऊण तास पुढे, कारण चंद्रही रोज तेवढाच मागे पडतो. प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही बेताचं. मुलाने पडवीच्या कोपऱ्यात, जिथे रेंजची एक काडी येते तिथे उभं राहून मोबाइलवर वेळापत्रक शोधलं. थोडा फरक निघाला, पण हिशेब कामापुरता चोख. दहावीच्या भूगोलाला जे वर्षभर जमलं नाही ते त्या भिंतीने केलं.

काकांचा नियम सोपा होता. भरती चढती असताना गुडघाभर पाण्यात खेळा, ओहोटी लागली की मुलं बाहेर. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढत नेतं, पोहता येणाऱ्यालाही आत खेचतं. शांत किनाऱ्याला जीवरक्षक नसणारच असं धरून चाला, आणि गावातला माणूस 'आज नको' म्हणाला तर वाद घालू नका. कृष्णेत पोहायला शिकलेल्यांनी तर खासच. आमच्यात भाऊजींना हे दोनदा सांगावं लागलं.

सासूबाईंना गणपतीपुळ्याला जायचं होतं. तवसाळहून जयगडला फेरीबोटीत गाडी चढवून जाता येतं, मुलांनाही बोटीची हौस. पण मग पुन्हा गाडी, रांग, पार्किंग. हेदवीचा दशभुज गणपती जवळच आहे, तिथे नेलं. पांढरीशुभ्र मूर्ती, दहा हात. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे दर्शनही झालं आणि गुडघ्यांची कुरकुरही नाही. तिथल्याच समुद्राकाठी, उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. कातळातली अरुंद चीर, भरतीला लाट आत घुसते आणि पाणी कारंज्यासारखं उसळतं, असं ऐकून गेलो. आम्ही गेलो सप्तमीच्या संध्याकाळी, म्हणजे भांग जवळ आलेला. उसळलं, पण चष्म्यावर चार तुषार इतपतच. फोटोत दिसतं तसं पाहिजे असेल तर पौर्णिमा-अमावस्या गाठा आणि कातळाच्या कडेला पोरांचे हात सोडू नका, शेवाळ्यावरून पाय सटकतो. अंजनवेलच्या गोपाळगडावर हे आणि मुलगा जाऊन आले. मी ओटीवर झोपले होते.

हो, दुपारी झोपले. गिरणीच्या आवाजात वर्षानुवर्षं काढली की कान बंद होत नाहीत. घरी रात्रीसुद्धा माझ्या डोक्यात पट्टा फिरत असतो. तिथे समुद्राची गाज दिवसरात्र चालू असते, म्हणजे शांतता वगैरे काही नाही. पण त्या आवाजात कुणी 'ताई, माझं गहू झालं का?' विचारत नाही.

उणं सांगायचं तर बरंच आहे. डास आहेत, उदबत्ती आणि ओडोमॉस घेऊनच जा. वीज संध्याकाळी गेली की तास-दीड तास येत नाही. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, दुपारी एक आणि रात्री साडेआठ. अकराला भूक लागली तर स्वतःची बिस्किटं. ऑनलाइन पैसे रेंजच्या मेहेरबानीवर, रोख जवळ ठेवा. घरात दारू चालत नाही, हे माझ्या मते उणं नाही पण काहींना कळलेलं बरं. दहावीतला मुलगा पहिल्या दिवशी तोंड पाडून बसला होता, तुमचाही बसेल. त्याला लगेच खूश करायच्या भानगडीत पडू नका. आणि शांतता कायमची नसते. रविवारी दुपारी एक टोळकं भलामोठा स्पीकर घेऊन आलं आणि संध्याकाळपर्यंत नाचलं. महाशिवरात्रीला तर देवळाची जत्रा असते, तेव्हा शांततेसाठी जाऊ नये, जत्रेसाठी जावं.

मागे आम्ही समुद्राकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टवर गेलो होतो. नाव घेत नाही. तिथे सकाळी रेन डान्स, दुपारी खेळ, रात्री डीजे, आणि मनगटाला पट्टा. समुद्र खिडकीतून दिसायचा, तिथपर्यंत जायला वेळच मिळाला नाही. पैसे इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. वेळणेश्वरला आम्ही दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, चहा धरून जे दिलं, त्यात दिवाळीच्या हंगामात महाबळेश्वरला नुसती बरी खोली मिळणं मुश्कील.

ज्यांना संध्याकाळी थोडा बाजार, आइस्क्रीम, दोन दुकानं लागतात त्यांनी गुहागर गावातच राहावं. व्याडेश्वराचं देऊळ आहे, दुर्गादेवीचं आहे, आणि सुरूच्या बनाला लागून लांबच लांब किनारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर तिथे कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायची संधी असते, फक्त त्यासाठी पहाटे उठायची तयारी हवी. वाईकडच्या मंडळींना आंबेनळी घाटाने पोलादपूर, मंडणगड करत वेळास-केळशीकडे उतरणं सोयीचं पडेल. तेही शांतच आहे म्हणतात माझ्या मामेबहिणीकडचे, आणि त्या घरात तोंडाला कुलूप कुणालाच नाही, तेव्हा तिथे शांत वाटलं म्हणजे खरंच शांत असणार.

घराचं नाव आणि नंबर मी लिहिणार नाही. काकांनीच बजावलंय, "वहिनी, मोबाइलवर टाकू नका हो, आम्हाला इतक्या लोकांचं झेपत नाही." देवळापाशी चौकशी करा, अशी घरं गावात आणखी आहेत. येताना आगळ घ्या, पण घेताना नीट विचारून घ्या. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढीसाठी. सरबताला साखरेतलं अमृत कोकम वेगळं मिळतं. आमच्या भाऊजींनी कऱ्हाडला पाहुण्यांना आगळाचं सरबत करून पाजलं, आणि पाहुणे बिचारे चांगल्या घरचे, अर्धा ग्लास संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही.